निळी स्क्रीन आली? फॉरमॅट मारायच्या आधी तिच्यावरचं नाव वाचा

जूनचे दिवस, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची गर्दी. माझ्या मामेभावाचं तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुपारी त्याचा फोन आला, "दादा, परत निळं झालं. बाहेर पंधरा पोरं उभी आहेत."

त्याआधीच्या महिनाभरात त्या कॉम्प्युटरची रॅम बदलून झाली होती. विंडोज पुसून नव्याने टाकून झालं होतं. त्या पुसापुशीत गिऱ्हाइकांच्या स्कॅन केलेल्या कागदांचं तीन वर्षांचं फोल्डर गेलं, ते कायमचंच. आणि दोष निघाला कशात, तर यूएसबीला लावलेल्या बोटभर वायफाय डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये. त्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून त्या निळ्या स्क्रीनवर खाली लिहिलेलं होतं. कुणी वाचलंच नव्हतं.

हा लेख त्या एका ओळीसाठी आहे. ती ओळ काय सांगते आणि ती वाचल्यावर काय करायचं, एवढंच.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं कोण?

ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांसमोर आणा. कारखाना सांगतो, उद्या अमुक फडातून इतका ऊस हवा. टोळीत कोण किती तोडतो, बैलगाडी कोणाची आहे, कोण आजारी आहे, हे कारखान्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. मुकादम दोन्हीकडची बोली जाणतो. वरचा हुकूम तो टोळीच्या भाषेत सांगतो आणि टोळीची अडचण वर पोचवतो.

कॉम्प्युटरमध्ये विंडोज हा कारखाना. प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स कार्ड, वेबकॅम या टोळ्या. प्रत्येक टोळीचा मुकादम म्हणजे तिचा ड्रायव्हर. तो हार्डवेअर नव्हे, छोटं सॉफ्टवेअर आहे, आणि ते बहुतेक वेळा त्या वस्तूच्या कंपनीने लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या विंडोजच्या पोटात पाच-पंचवीस वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेला मजकूर चालत असतो. काही कंपन्या नेटाने काम करतात. काहींनी एकदा लिहून दिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षं तसाच असतो.

एका डोंगलमुळे अख्खा कॉम्प्युटर कसा झोपतो?

सोसायटीत तुमच्या घरातली इस्त्री शॉर्ट झाली तर तुमच्या घरातला एमसीबी पडतो. शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका चालूच राहते. वर्ड, क्रोम, टॅली ही अशी आपापल्या फ्लॅटमध्ये राहणारी सॉफ्टवेअरं. एखादं बिघडलं तर तेवढंच बंद पडतं, बाकीची चालू राहतात.

पण खाली मीटर रूम असते. तिथे ज्याच्या हातात किल्ली आहे त्याने चुकीची तार ओढली तर सगळी इमारत अंधारात जाते. विंडोजच्या या मीटर रूमला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरने आधी कुणाचं काम करायचं, हे सगळं तिथून चालतं. हार्डवेअरला थेट हात घालावा लागत असल्यामुळे अनेक ड्रायव्हर याच खोलीत उभे राहून काम करतात.

तिथे काही भलतं घडलं की विंडोज स्वतःहून मेन स्विच पाडतं. ती निळी स्क्रीन. तिला बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण ती आलीच नाही तर जास्त वाईट होईल. मेमरीत घोटाळा झालेला असताना कॉम्प्युटर तसाच रेटला, तर तो घोटाळा हार्ड डिस्कवरच्या तुमच्या फाइलींत लिहिला जाऊ शकतो. म्हणून ते सगळं थांबवतं, शक्य झालं तर त्या क्षणाची नोंद एका फाइलीत लिहून ठेवतं आणि पुन्हा सुरू होतं.

विंडोज ११ वापरत असाल तर ही स्क्रीन आता काळी दिसेल. मायक्रोसॉफ्टने हा बदल जून २०२५ मध्ये जाहीर केला. रडवेला चेहरा आणि क्यूआर कोड गेला, पण बिघाडाचं नाव तिथेच आहे. मी सवयीने निळीच म्हणणार आहे.

कधी आठवडा सुरळीत जातो, कधी दिवसातून चारदा पडतं, असं का?

लोकांना सगळ्यात जास्त हेच चकवतं, म्हणून इथे जरा थांबू.

रॅम म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा कमी पडली की विंडोज न लागणारं सामान माळ्यावर टाकतं आणि कुणी मागितलं की खाली काढून देतं. क्रोमला, वर्डला हे कळतही नाही. त्यांना थोडं थांबावं लागतं इतकंच.

ड्रायव्हरचं तसं नाही. वायफायच्या डोंगलमध्ये माहिती येऊन पडली की ती ताबडतोब उचलावी लागते. त्या क्षणी ड्रायव्हर इतक्या वरच्या अग्रक्रमावर काम करत असतो की माळ्यावर जायचं कामसुद्धा मागे थांबलेलं असतं. वायरमनचा हात जिवंत तारेवर आहे असं समजा. त्या वेळी लागणारी प्रत्येक वस्तू हाताशीच हवी. "माळ्यावरून पक्कड काढून दे" असं तेव्हा म्हणायचं नाही, हा मीटर रूमचा पक्का नियम आहे.

वाईट लिहिलेला ड्रायव्हर हा नियम मोडतो. आता गंमत बघा. त्याला हवी असलेली वस्तू योगायोगाने ओट्यावरच असेल तर काही बिघडत नाही. ज्या दिवशी ती माळ्यावर गेलेली असेल, त्या दिवशी स्क्रीन निळी. चूक रोजच होत असते, सापडते मात्र एखाद्या दिवशी.

भावाच्या दुकानात हेच झालं. कॉम्प्युटरला रॅम ४ जीबी. एरवी क्रोमच्या दोन-तीन खिडक्या उघड्या असत, ओटा पुरत होता. जूनमध्ये वीस खिडक्या, स्कॅनर चालू, फोटो बारीक करायचं सॉफ्टवेअर चालू. ओटा भरला, सामान माळ्यावर जायला लागलं आणि ड्रायव्हर उघडा पडला. मेकॅनिकने रॅम ८ जीबी केली, ओटा मोठा झाला, आठ दिवस बरे गेले. सगळ्यांना वाटलं रॅमच गेली होती. गर्दी आणखी वाढली आणि पुन्हा तेच.

अशा क्रॅशला स्क्रीनवर नाव येतं "ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल". शब्द भयंकर आहेत, अर्थ मात्र बहुतेक वेळा एवढाच: तारेवर हात असताना ड्रायव्हरने जी मेमरी मागितली ती हाताशी नव्हती, किंवा तो पत्ताच चुकीचा होता. खाली "व्हॉट फेल्ड" अशी ओळ असते आणि तिच्यापुढे "डॉट सिस"ने संपणारं फाइलचं नाव. मी भावाला म्हटलं, मोबाइलवर फोटो काढ आणि ते नाव एकेक अक्षर वाचून दाखव. त्याने वाचलं, मी ते नेटवर शोधलं, दोन मिनिटांत कळलं की हा वायफाय डोंगलचा ड्रायव्हर. डोंगल उपटून काढला, राउटरपासून काउंटरच्या कडेने लॅनची केबल ओढली, आणि संध्याकाळपर्यंत सगळे फॉर्म गेले. एकदाही निळं झालं नाही.

इतका धोका आहे तर ड्रायव्हरला मीटर रूममध्ये घेताच कशाला?

मुख्य कारण वेग. ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर उतरवायची असतात. प्रत्येक वेळी दारावर परवानगी मागत बसलं तर ते जमणं अवघड. दुसरं, ही व्यवस्था जुनी आहे आणि जगभरातलं हार्डवेअर तिच्यावर उभं आहे.

बदल होतोय, पण सावकाश. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलच्या बाहेर काढला गेला. ग्राफिक्स कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं तर विंडोज त्याला हलवून पुन्हा उभं करायचा प्रयत्न करतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आलेला तुम्ही पाहिला असेल, तो हाच प्रकार. नाहीच उभं राहिलं तर मग "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर". ॲपलने २०१९ पासून ड्रायव्हर कर्नलबाहेर न्यायला सुरुवात केली. तरी मॅकला किंवा लिनक्सला हा आजार होतच नाही असं नाही, तिथे त्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

दुखणं किती जुनं आहे पाहा. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा सहकारी विंडोज ९८ दाखवत होता. नवीन वस्तू नुसती जोडली की चालते, हे दाखवायला त्याने स्कॅनर जोडला आणि भरल्या सभागृहात स्क्रीन निळी झाली. पुढे २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लिहिलं की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदल्या जाणाऱ्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. तेव्हापासून परिस्थिती खूप सुधारली आहे, पण संशय घ्यायचा क्रम अजून तोच ठेवावा असं माझं मत आहे.

ड्रायव्हर तपासून, सही करून येतात ना?

येतात. ६४ बिटच्या विंडोजवर सही नसलेला कर्नल ड्रायव्हर साधारणपणे चढतच नाही. पण ती सही सांगते की हा मजकूर अमक्या कंपनीचा आहे आणि वाटेत कुणी त्यात फेरफार केलेला नाही. आत चूक नाही याची हमी ती देत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर शिक्का आहे म्हणून औषध तुम्हाला मानवेलच असं नसतं.

१९ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या रूपाने कर्नलमध्ये बसतं. तो ड्रायव्हर रीतसर तपासलेला होता. पण तो जी नियमांची फाइल वाचतो, ती वेगळी येत असे. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आलेल्या फाइलीत एकविसावा रकाना तपासायला सांगितलं होतं, आणि ड्रायव्हरच्या हातात माहिती होती वीसच रकान्यांची. एकविसावा वाचायला तो नसलेल्या मेमरीत गेला आणि स्क्रीन निळी. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख कॉम्प्युटर पडले होते. हा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच जागा होत असल्यामुळे कितीतरी मशीन चालू होताहोताच पुन्हा पडत राहिली. उपाय होता एक फाइल पुसण्याचा, पण ती पुसायला बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका कॉम्प्युटरसमोर जाऊन बसावं लागलं.

तो हार्डवेअरचा ड्रायव्हर नव्हता, पण मीटर रूम तीच आणि बाहेर पडायची वाटही तीच. सेफ मोड.

सेफ मोड म्हणजे काय आणि तिथे पोचायचं कसं?

सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच, स्वतःच्या भरवशाचे ड्रायव्हर घेऊन उठतं. स्क्रीन ओबडधोबड दिसते, आवाज येत नाही, घाबरू नका.

कॉम्प्युटर चालू होत असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून रीस्टार्ट करा. होतच नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसू लागलं की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा.

इथे एक धोका आहे, आधीच सांगतो. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्कला कुलूप असतं, त्याला बिटलॉकर म्हणतात. या वाटेने गेलं की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ऑफिसकडे ठेवलेली असते. आज सगळं सुरळीत आहे तोवरच ती काढून कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी किल्ली नसेल तर आतला डेटा मेकॅनिकलाही काढता येत नाही.

सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर तासभर नीट चालला तर संशय ड्रायव्हरवर किंवा नंतर बसवलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरवर. तिथेही पडत असेल तर रॅम, डिस्क, गरम होणं, पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा.

नाव कळलं, आता काय करू?

आधी स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" असं टाईप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. तारखेवार तक्ता येतो, बिघाड झाला तिथे लाल फुली असते आणि त्याच दिवशी काय बसवलं गेलं तेही दिसतं. पहिली लाल फुली ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत एखादा ड्रायव्हर आलेला दिसला तर निम्मं काम झालं. ही सोय विंडोजमध्ये कित्येक वर्षं आहे आणि मला भेटलेल्या दहा मेकॅनिकपैकी दोघांनाही माहीत नव्हती.

मग डिव्हाइस मॅनेजर. ती वस्तू शोधा, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि "रोल बॅक ड्रायव्हर". आधीची आवृत्ती परत येते. बटण फिकट असेल तर आधीची आवृत्ती शिल्लक नाही. तेव्हा लॅपटॉपचा मॉडेल नंबर मागच्या बाजूला पाहून कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. भावाच्या बाबतीत आम्ही डोंगलच्या चिपचा नवा ड्रायव्हर टाकला आणि डोंगल पुन्हा लावला. तेव्हापासून तो गप्प आहे.

कधीकधी नावाच्या जागी "एनटीओएसकेआरएनएल" असं दिसतं. तो विंडोजचा गाभा. मीटर रूममध्ये मृतदेह सापडला म्हणून मीटर रूमच गुन्हेगार ठरत नाही. अशा वेळी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं मिनीडंप पाहायचं. प्रत्येक क्रॅशची छोटी नोंद तिथे असते, आणि ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती उलगडून दाखवतं. पाच नोंदींत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर गुन्हेगार बहुधा तोच.

मेकॅनिक रॅम गेली म्हणतो, तो खोटं बोलतो का?

सहसा नाही. रॅम खरंच खराब होते आणि तेव्हाही स्क्रीन निळीच होते. फरक असा की रॅम खराब असेल तर बहुधा दर वेळी वेगळं नाव, वेगळा कोड येतो, कारण त्या खराब जागेवर कुणाचंही सामान येऊन पडू शकतं. विंडोजमधलंच मेमरी डायग्नोस्टिक रात्री चालवून पाहता येतं. "व्हिया अनकरेक्टेबल एरर" असा कोड आला तर तिथे तक्रार हार्डवेअरची असते, मेकॅनिककडे जा. मेकॅनिकच्या टेबलावर रोज दहा मशीन असतात. सुटा भाग बदलून पाहणं त्याला सोपं पडतं. तुम्ही हातात फोटो घेऊन गेलात तर त्याचाही वेळ वाचतो.

फॉरमॅट मारला की सगळंच साफ होतं की?

होतं, तुमच्या फाइलींसकट. आणि डोंगल लावताच विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकतं. भावाकडे नेमकं हेच झालं, दुसऱ्याच दिवशी निळं. शिक्षा झाली फोल्डरला. लोकांच्या जातीच्या दाखल्यांचे, मार्कशीटचे स्कॅन होते त्यात. एका मुलीला तोच दाखला पुन्हा स्कॅन करून घ्यायला चौदा किलोमीटरवरून परत यावं लागलं, हे त्याने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारी सॉफ्टवेअरं बसवू का?

माझं स्पष्ट मत, नको. "तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत" अशी भीती घालून पैसे मागणारी बरीच आहेत, आणि चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवला की नवीन दुखणं सुरू होतं. चालत असलेला ड्रायव्हर जुना आहे म्हणून बदलायची घाई नसते. विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्सखाली ड्रायव्हर वेगळे दाखवलेले असतात, गरज पडली तर तिथून एकेक घ्या, पाचही एकदम नको. नेटवर ड्रायव्हर व्हेरिफायर नावाच्या हत्याराचा सल्लाही सापडेल. ते ड्रायव्हरवर मुद्दाम ताण आणून त्याला पाडतं. सेफ मोडमधून ते बंद कसं करायचं हे पाठ असल्याशिवाय हात लावू नका.

भावाच्या दुकानात मॉनिटरच्या मागे आता पांढऱ्या टेपने चिकटवलेली एक चिठ्ठी आहे. मदरबोर्डचा मॉडेल नंबर, डोंगलच्या चिपचं नाव, ड्रायव्हर कुठल्या पेनड्राइव्हवर ठेवलाय ते, आणि तळाला लाल पेनाने: "निळं झालं तर आधी फोटो."